पूर्वेकडची खोली आणि विहिरीची वाट

अमेरिकेला जाणारा मराठी माणूस बॅगेत काय काय भरतो, याची यादी आता घरोघरी पाठ झालेली आहे. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, चिवडा, चकल्या आणि चकल्या वाटेत मोडल्या तर असावा म्हणून सोऱ्या! गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीत मी बॉस्टनला माझ्या धाकट्या बहिणीकडे गेलो, तेव्हा माझ्याही बॅगेत हा सगळा संसार होताच. पण अगदी तळाशी, इस्त्रीच्या सदऱ्यांखाली, एक खाकी लिफाफा होता. बॉस्टनच्या विमानतळावरच्या अधिकाऱ्याने मला मसाल्यांबद्दल चार प्रश्न विचारले. लिफाफ्याबद्दल एकही विचारला नाही.

लिफाफा आमच्या दादाने दिला होता. आत वाईच्या वाड्याच्या हक्कसोडपत्राचा मसुदा होता आणि शुभाच्या सहीसाठी एक कुलमुखत्यारपत्र. "तिकडच्या नोटरीपुढे सही करायला सांग तिला. पाच मिनिटांचं काम आहे," दादा म्हणाला होता. वडील मृत्युपत्र न करता गेले. तो विषय काढला की ते म्हणत, "का, मला घालवायची घाई झालीय का तुम्हाला?" मग विषय काढणारा ओशाळा होई आणि चहा टाकला जाई. अशा रीतीने पंधरा वर्षे चहा टाकून झाला आणि वडील गेले. आता वाडा आम्हा तिघा भावंडांचा. दादा वाईत राहतो, छपराची कौले तोच बदलतो, घरपट्टी तोच भरतो. त्याला वाडा दुरुस्त करून दोन खोल्या प्रवाशांना भाड्याने द्यायच्या आहेत. बँकेला कर्जासाठी एकाच्या नावाचा उतारा हवा. यात गैर काहीच नव्हते. मी माझी सही पुण्यातच, मसुदा न वाचता, करून टाकली होती. मराठीचा प्राध्यापक असूनही, किंवा असल्यामुळेच म्हणा, सरकारी मराठी वाचण्याचा मला कंटाळा आहे.

शुभा तिथल्या एका सार्वजनिक वाचनालयात काम करते. तिने लिफाफा हातात घेतला, वरचे दादाचे अक्षर ओळखले आणि न उघडताच तो फ्रिजला चुंबकाने लावून ठेवला. "बघू रे, भाऊ. आधी तुला इकडची गावं दाखवते."

पहिल्या रविवारी आम्ही डेडहॅमला गेलो. बॉस्टनच्या नैर्ऋत्येला, मोटारीने फार तर अर्ध्या तासावर. तिथे फेअरबँक्स कुटुंबाचे लाकडी घर आहे. उत्तर अमेरिकेत आज उभ्या असलेल्या लाकडी सांगाड्याच्या घरांत हे सर्वांत जुने. तुळयांतल्या वर्षावलयांवरून ते १६३७ ते १६४१ च्या दरम्यान बांधले असे ठरले आहे, म्हणजे आपल्याकडे शिवाजीमहाराज लहान होते तेव्हा. घराची पाठ म्हशीसारखी मध्येच खचलेली, एका बाजूचे छप्पर जवळजवळ जमिनीला टेकलेले. जसजशी माणसे वाढली तसतशी कुणी इकडे पडवी काढली, कुणी तिकडे खोली जोडली. मला आमच्या वाड्याची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. आठ पिढ्या या घरात राहिल्या. शेवटचे माणूस १९०४ साली बाहेर पडले.

"आठ पिढ्या!" मी म्हणालो. "आपल्याकडे तीन पिढ्यांत सात वाटण्या होतात."

"इथंही होत होत्या," शुभा म्हणाली. "चल, तुला एक दुसरं घर दाखवते."

ते घर दाखवायला ती मला सेलमवरून घेऊन गेली. ऑक्टोबर महिन्यात सेलमला जाऊ नये. म्हणजे जावे, पण मोटार घेऊन जाऊ नये. १६९२ साली या परिसरात चेटूक केल्याच्या आरोपावरून एकोणीस माणसांना फाशी दिले गेले आणि एकाला दगडांखाली चिरडून मारले गेले. आज त्याच गावात ऑक्टोबरभर टोकदार काळ्या टोप्या घातलेल्या हजारो हौशी चेटकिणी कुल्फी खात हिंडत असतात. या गर्दीतून वाट काढत आम्ही सात आढ्यांचे ते प्रसिद्ध घर पाहिले. कॅप्टन जॉन टर्नरने ते १६६८ साली बांधले आणि १८५१ साली नथॅनिएल हॉथॉर्नने त्याच्यावरून कादंबरीला नाव दिले. कादंबरीचा विषय काय, तर बळकावलेली जमीन आणि हरवलेला दस्तऐवज! जवळच्या संग्रहालयाच्या संग्रहात आपल्या मुंबईचा एक पारशी व्यापारी, नसरवानजी माणेकजी, चित्ररूपाने नांदतो आहे. सेलमची गलबते मुंबईला येत तेव्हा तो त्यांचा अडत्या असे. परक्या गावात आपल्या गावचा माणूस भेटल्यावर जो आनंद होतो तो मला झाला. पण शुभाला घाई होती.

ती मला डॅनव्हर्सला घेऊन गेली. चेटकाचे प्रकरण सुरू झाले ते खरे इथेच. तेव्हा याला सेलम खेडे म्हणत. हमरस्त्यांच्या जाळ्यात, मोटारींच्या सततच्या घोंघावण्यात, एक जुने घर उभे आहे. ते पटनम कुटुंबाचे. घराकडे पाहून कुणाला काही वाटणार नाही. पण या घरासाठी एक भांडण झाले होते.

थोरला थॉमस पटनम हा खेड्यातला बडा शेतकरी. पहिली बायको वारल्यावर त्याने सेलम शहरातल्या एका विधवेशी लग्न केले आणि उतारवयात त्याला जोसेफ नावाचा मुलगा झाला. १६८६ साली म्हातारा गेला. मृत्युपत्र उघडले, तर राहते घर आणि उत्तम जमीन दुसऱ्या बायकोला आणि जोसेफला! आधीच्या मुलांना जमिनी मिळाल्या नव्हत्या असे नाही. हयातीतच त्यांना शेते तोडून दिली होती. पण थोरला मुलगा, त्याचेही नाव थॉमसच, बापाचे घर आपल्याला येईल या भरवशावर पस्तिशीच्या उंबरठ्यावर येऊन पोचला होता आणि घर गेले सोळा-सतरा वर्षांच्या सावत्र भावाला. भावंडे कोर्टात गेली. सावत्र आईने म्हाताऱ्याकडून हे लिहवून घेतले, असे त्यांचे म्हणणे. कोर्टाने मृत्युपत्र कायम ठेवले. थॉमसची बायको ॲन हिच्या माहेरीही असाच प्रकार झालेला. बापाची होडीची उताऱ्याची पेठ आई आणि भाऊ घेऊन बसले, मुली हात चोळत राहिल्या.

सहा वर्षांनी, १६९२ च्या हिवाळ्यात, याच थॉमसच्या घरात त्याच्या बारा वर्षांच्या मुलीला झटके येऊ लागले आणि ती शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावे घेऊ लागली. फिर्यादींवर सह्या होऊ लागल्या; त्यांत थॉमस पटनमची सही पुन्हा पुन्हा आढळते. सगळे प्रकरण एका वाटणीच्या भांडणातून झाले असे मी म्हणत नाही. इतिहासकारही म्हणत नाहीत. धर्मोपदेशकावरून तंटा होता, सरहद्दीवर लढाई होती, देवी होती, भीती होती. पण १९७४ साली दोन अमेरिकन इतिहासकारांनी जुनी मृत्युपत्रे, खरेदीखते आणि करांच्या याद्या शेजारी शेजारी मांडल्या आणि आरोप करणारी घरे नकाशावर दाखवली, तेव्हापासून या घराला टाळून ती गोष्ट सांगता येत नाही.

आणि दुसऱ्या बाजूला सेरा गुड. फाशी गेलेल्या पहिल्या काही बायकांतली ही एक. चिलीम ओढणारी, तोंडाने फटकळ, दारोदार भीक मागणारी, अशी तिची नोंद आहे. पण ही भिकारीण जन्मलेली होती एका सुखवस्तू खानावळवाल्याच्या घरी. बापाने १६७२ साली पाण्यात जीव दिला. मागे लेखी मृत्युपत्र नाही आणि मिळकत सुमारे पाचशे पौंडांची, म्हणजे त्या काळी मोठीच. आईने लवकरच दुसरे लग्न केले, मिळकत तिच्याबरोबर गेली, आणि अर्धा डझनावर मुलींच्या पदरात नावापुरते पडले. पुढे एक नवरा कर्ज ठेवून मेला, दुसरा कामाचा नव्हता. वीस वर्षांत सुखवस्तू घरातली मुलगी गोठ्यात झोपू लागली. जिच्या दारात येण्याने लोकांना अपराधी वाटावे, तिला चेटकीण ठरवणे लोकांना सोपे गेले असावे. तिच्या चार-पाच वर्षांच्या मुलीलाही साखळदंडांत ठेवले होते.

सेलममध्ये १९९२ साली या वीस जणांचे स्मारक केले. जुन्या दफनभूमीला लागून दगडी भिंत आणि तिच्यातून बाहेर आलेल्या दगडी बैठका. प्रत्येकीवर एक नाव, मरणाची रीत आणि तारीख. एका बैठकीवर जाइल्स कोरीचे नाव आहे. हा ऐंशीच्या घरातला म्हातारा. खटला चालवायला संमती देईना, म्हणून त्याच्या छातीवर दगड रचले. दोन दिवसांनी तो मेला. पण त्याआधी इप्सविचच्या तुरुंगात बसून त्याने आपली सगळी जमीन दोन जावयांच्या नावे करून दिली होती. मरण दारात उभे असताना म्हाताऱ्याला पहिली आठवण झाली ती दस्तऐवजाची. मी तिथे उभा राहून वडिलांचा विचार करीत होतो. आमच्या वडिलांपुढे कुणी दगड घेऊन उभे नव्हते. चहाचा कप घेऊन उभे होते.

इप्सविचला जायचे शुभाने दुसऱ्या शनिवारी ठरवले. हे गाव मला फार आवडले. नदी, दगडी पूल, समुद्राकडे गेलेली खारी गवताळ जमीन, आणि १७२५ पूर्वीची साठाच्या आसपास घरे. त्या काळची इतकी घरे अमेरिकेत दुसऱ्या कुठल्या गावात नाहीत. पुष्कळ घरांत आजही माणसे राहतात. दारावर पाटी, आणि खिडकीत मांजर. ॲन ब्रॅडस्ट्रीट ही कवयित्री दहाएक वर्षे इथे राहिली. इंग्रजी अमेरिकेतल्या कवीचा पहिला कवितासंग्रह तिचा, तो १६५० साली लंडनला छापला गेला. याच गावचे एक धर्मोपदेशक नथॅनिएल वॉर्ड यांनी मॅसॅच्युसेट्स वसाहतीची १६४१ ची कायदासंहिता लिहिली. तिच्यात असे कलम आहे, की आईबाप मृत्युपत्र न करता वारले तर थोरल्या मुलाला दुप्पट वाटा. म्हणजे तीन मुलगे असतील तर मिळकतीचे भाग तीन नव्हे, चार करायचे आणि दोन थोरल्याला द्यायचे. आधार बायबलातल्या मोझेसच्या नियमाचा. आपल्या स्मृतिकारांनीही थोरल्यासाठी जास्तीचा भाग बाजूला काढला होता, तेव्हा आपण हसण्याचे कारण नाही. उलट त्या काळच्या इंग्लंडात मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन एकट्या थोरल्याला जाई. दक्षिणेकडच्या व्हर्जिनियातही तीच रीत १७८५ च्या कायद्याने संपेपर्यंत होती. त्या मानाने हे प्युरिटन लोक धाकट्यांनाही पोटाशी धरणारे. मॅसॅच्युसेट्समधला हा दुप्पट वाटा १७८९ साली गेला.

"आणि मुलींना?" मी विचारले.

"वाटा होता. पण जमीन शक्यतो भावांना. मुलींना गाई, भांडी, अंथरूण-पांघरूण, तेही लग्नात दिलेलं धरून." शुभा हसली. "नवऱ्याच्या घरी जाताना उचलून नेता येईल असं."

लग्न झालेल्या बाईला तर नवऱ्याच्या संमतीवाचून मृत्युपत्रही करता येत नसे, कारण तिचे म्हणून जे होते ते कायद्याने नवऱ्याचे झालेले असे. आपल्याकडे हिंदू कुटुंबांतली मुलगी महाराष्ट्रात १९९४ साली आणि साऱ्या देशात २००५ साली जन्मानेच वडिलोपार्जित मिळकतीची बरोबरीची वाटेकरी झाली. हे मला माहीत होते. पण ही माहिती आणि माझ्या बॅगेतला लिफाफा यांची गाठ मी कधी घातली नव्हती.

व्हिपल कुटुंबाचे १६७७ चे घर आम्ही आतून पाहिले. ते १९२७ साली नदीपलीकडून उचलून इथे आणून ठेवले आहे. मधोमध भलीमोठी चूल, वर काळ्या तुळया, आणि खोलीत मानाच्या जागी पलंग. त्या काळी पलंग म्हणजे दागिनाच. घरधनी मेला की तीन-चार शेजारी येत आणि खोल्या-खोल्यांतून हिंडून वस्तूंची यादी करीत. पिसांची गादी, लोड, पडदे, पितळी हंडा, लोखंडी भांडे, जुने बायबल, डुक्कर, धान्य, सगळे किमतीसकट. चांगली पिसांची गादी गाईच्या बरोबरीने मोजली जाई. आपल्या मागे शेजारीण आपल्या फडताळातली फुटकी बरणी मोजते आहे, ही कल्पनाच माझ्या आईला सहन झाली नसती.

या परगण्यातली १६३५ पासून १६८१ पर्यंतची मृत्युपत्रे आणि याद्या तीन जाड खंडांत छापलेल्या आहेत. शुभाने ते माझ्यापुढे आणून ठेवले आणि स्वतः समोर विणकाम घेऊन बसली. मी सुरुवातीला त्या वेड्यावाकड्या स्पेलिंगांची गंमत पाहत होतो. मोडी वाचण्याची सवय असलेल्या माणसाला हे कठीण नाही. प्रत्येकाची सुरुवात साधारण एकच. शरीर थकले आहे पण मन ठिकाणावर आहे, आत्मा देवाला, देह मातीला. मग जमिनी, कुरणे, बैल. आणि मग बायको.

इथे मी वाचायचा थांबलो आणि पुन्हा मागे जाऊन वाचू लागलो. कायद्याने विधवेला नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा हयातीपुरता मिळे. विकता येत नसे, वापरता येई. पण तिसरा हिस्सा म्हणजे काय? मुलगा सून आणून त्याच घरात राहणार, चूल एक, दार एक. म्हणून हे शेतकरी, ज्यांतल्या काहींना सहीऐवजी खूण करावी लागे, एकेक गोष्ट लिहून ठेवीत. घराचा पूर्वेकडचा भाग तिला. तळघरात तिची भांडी ठेवायला जागा. भट्टीत तिची भाकर भाजू द्यावी. विहिरीचे पाणी तिने काढावे आणि विहिरीकडे जाण्या-येण्याची वाट मोकळी असावी. बागेतल्या अमुक झाडांची सफरचंदे. एक गाय, आणि ती मुलाने उन्हाळी-हिवाळी पोसावी. इतके सरपण फोडून दाराशी आणून टाकावे. रविवारी प्रार्थनेला जायला घोडा. तिने पुन्हा लग्न केले तर पुष्कळदा हे सारे थांबे, हे सांगायला हवे. बाप मेल्यावर बायकोला मायेने सांभाळा, एवढे तोंडी सांगून त्यांना भागवता आले असते. मायेवर त्यांचा विश्वास नव्हता असे नाही. पण हिवाळ्यात बर्फ पडलेले असताना सरपण दाराशी आले की नाही हे मायेवर सोडायची त्यांची तयारी नव्हती.

मी मान वर केली. शुभा सुया थांबवून माझ्याकडेच पाहत होती.

"नमूकाकू," मी म्हणालो.

"मला वाटलं, तुला कधी आठवतेय," ती म्हणाली.

नमूकाकू आमच्या धाकट्या काकांची बायको. त्यांना मूलबाळ नाही. काकांनी आपला अर्धा हिस्सा हयातीतच वडिलांच्या नावे करून दिला होता. 'आम्हा दोघांना मरेपर्यंत सांभाळ' एवढेच बोलणे झाले, तेही तुळशीपाशी उभ्याउभ्या. काका गेल्याला वीस वर्षे झाली. काकू परसदाराच्या पूर्वेकडच्या खोलीत राहते, आडाचे पाणी काढते, आमच्या सर्वांच्या मुंजी-लग्नांचे लाडू तिनेच वळले. कागदावर ती कुठेच नाही. दादा तिला वाऱ्यावर सोडणारा नव्हे. पण दादा बासष्ट वर्षांचा आहे, त्याच्या मुलाची बायको अजून यायची आहे, आणि मसुद्यात काकूचे नाव नाही. मी तो न वाचताच सही केली होती, हे मी शुभाला त्या वेळी सांगितले नाही.

परतीचे विमान वॉशिंग्टनहून होते. शुभा आणि तिचे यजमान मला मोटारीने तिकडे सोडायला निघाले. वाटेत फिलाडेल्फियाला बेंजामिन फ्रँकलिनच्या थडग्यावर लोक पैसे टाकतात ते पाहिले. ज्याने आयुष्यभर पै-पैशाची काटकसर शिकवली त्याच्यावर ही नाणी! त्याचे मृत्युपत्र म्हणजे एक रंजक चोपडेच आहे. बॉस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांना त्याने हजार-हजार पौंड ठेवले. अट अशी, की त्यातून तरुण, विवाहित कारागिरांना व्याजाने कर्जे द्यावीत आणि हिशेब दोनशे वर्षांनी मिटवावा. तो १७९० साली वारला. खरोखरच दोनशे वर्षांनी हिशेब झाला, तेव्हा बॉस्टनचे सुमारे पन्नास लाख डॉलर झाले होते. मुलगी सेरा हिला त्याने फ्रान्सच्या राजाचे हिरेजडित चित्र दिले. चारशे आठ हिरे! पण ते काढून दागिने घडवू नयेत अशी विनंती केली. तिने दागिने घडवले नाहीत. काही हिरे विकून ती नवऱ्याबरोबर इंग्लंडची सफर करून आली. मुलगा विल्यम स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या बाजूला गेला होता. त्याला नोव्हा स्कॉशियातली जमीन, त्याच्याचकडे असलेली पुस्तके, आणि एक वाक्य, की अधिक का दिले नाही ते जगाला माहीत आहे. जावयाचे कर्ज माफ केले, पण त्याने आपला गुलाम बॉब याला मुक्त करावे म्हणून.

या शेवटच्या अटीपाशी मी मनातल्या मनात अडखळलो होतो. माउंट व्हर्ननला पोचल्यावर त्याचा उलगडा झाला.

पोटोमॅक नदीवरचे जॉर्ज वॉशिंग्टनचे हे घर कुणालाही मोहात पाडील असे आहे. उंच खांबांची लांबलचक ओसरी आणि समोर उतरत गेलेले हिरवे मैदान. वॉशिंग्टनला हे घर सावत्र भावाच्या मृत्युपत्रामुळे मिळाले. त्याआधी १७४३ साली वडील वारले तेव्हा अकरा वर्षांच्या जॉर्जच्या वाट्याला एक शेत आणि दहा माणसे आली होती. होय, माणसे. इप्सविचच्या मृत्युपत्रांत गाय आणि गादी होती तिथे व्हर्जिनियात माणसे होती. आणि खरे सांगायचे तर मॅसॅच्युसेट्सच्या काही याद्यांतही भांड्यांच्या ओळीखाली माणसाचे नाव आणि किंमत सापडते.

१७९९ च्या जुलैत वॉशिंग्टनने स्वतःच्या हाताने एकोणतीस पाने मृत्युपत्र लिहिले आणि डिसेंबरात तो वारला. त्यात त्याने आपल्या मालकीच्या १२३ गुलामांना पत्नीच्या मरणानंतर मुक्त करावे असे लिहिले. जन्मभर बरोबर राहिलेला विल्यम ली तेवढा लगेच मुक्त, वर्षाला तीस डॉलर देऊन. मार्थाने इतरांनाही वाट पाहायला लावली नाही. १८०१ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेला सर्वांना सोडून दिले. आपण मरावे म्हणजे आपली सुटका होईल, असे ज्यांना वाटणे साहजिक आहे अशा शंभरावर माणसांच्या हातचे जेवणे तिला जड गेले असणार.

पण त्याच वाड्यावर आणखी १५३ गुलाम होते. त्यांना ना वॉशिंग्टन मुक्त करू शकत होता, ना मार्था. का? तर मार्थाचा पहिला नवरा डॅनियल कस्टिस १७५७ साली मृत्युपत्र न करता वारला होता. मृत्युपत्र नाही, म्हणून विधवेला कायद्याने तिसरा हिस्सा, हयातीपुरता. तो हिस्सा म्हणजे ही माणसे आणि त्यांची पुढे झालेली मुले. मार्था १८०२ साली वारली आणि ती कस्टिसांच्या चार नातवंडांत वाटली गेली. दोन्ही गटांची आपसांत लग्ने झालेली होती. नवरा वॉशिंग्टनचा म्हणून मोकळा; बायको आणि मुले कस्टिसांची म्हणून चौघांपैकी कुणातरी एकाच्या घरी.

घरापासून थोड्या अंतरावर, झाडीत, या गुलामांची दफनभूमी आहे. १९२९ साली तिथे एक शिळा बसवली आणि १९८३ साली स्मारक झाले. कबरींवर नावे नाहीत. वॉशिंग्टनच्या विटांच्या समाधीपाशी रांग होती, इथे आम्ही तिघे आणि एक माळी. पंचेचाळीस वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाने एक कागद लिहिला नव्हता, या गोष्टीवर मी बराच वेळ घुटमळलो. लिहिला असता तरी त्यात या लोकांचे भले असतेच असे नाही, हे शुभाच्या यजमानांनी दाखवून दिले आणि ते बरोबर होते.

त्या रात्री हॉटेलच्या खोलीत शुभाने पर्समधून खाकी लिफाफा काढला. तो फ्रिजवरून केव्हा उतरला होता मला कळले नव्हते. तिने मसुदा पहिल्या ओळीपासून वाचला. मग म्हणाली, "मला वाडा नकोय रे, भाऊ. तिथं येऊन मी काय करणार? पण 'नको' म्हणायच्या आधी कुणी 'हवा का?' असं विचारलं असतं, तर बरं वाटलं असतं."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी सही न वाचता केल्याचे तेव्हा सांगून टाकले. ती रागावली नाही. तिने पेन्सिल घेतली आणि समासात लिहू लागली. पूर्वेकडची खोली नमूकाकूने हयात असेपर्यंत वापरावी. आडाकडे आणि तुळशीकडे जाण्याची वाट कुलूपबंद करू नये. तिची गॅसची शेगडी तिच्याच खोलीत. वर्षाचे तांदूळ, गहू आणि औषधे दादाने द्यावीत. खोली भाड्याने देऊ नये. "गाय?" मी विचारले. "दूधवाला लिहिते," ती म्हणाली, आणि खरोखरच अर्धा लिटर दूध लिहिले.

दादाला फोन मी केला. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मी काय तिला हाकलणार आहे?" मी म्हटले, तू नाहीस. पुन्हा शांतता. शेवटी, "वकिलाला विचारतो. पण नोंदवायचं म्हणजे खर्च आहे हं," असे म्हणून त्याने फोन ठेवला.

नोंदणी झाली ती संक्रांतीनंतर. त्याआधी एका दुपारी वाईला काकूच्या खोलीत बसून मी तिला नवा मसुदा वाचून दाखवला. तिला कमी ऐकू येते, म्हणून ओरडून. शेजारच्या आळीलाही तो पाठ झाला असेल. दादा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. खोली, वाट, शेगडी, दूध, सगळे तिने मान हलवत ऐकले.

"आणि पाटा-वरवंटा?" ती म्हणाली.

"काकू, तुला मिक्सर आणून दिलाय की," दादा म्हणाला.

"माझ्या माहेरचा आहे तो. लग्नात आला. माझ्या मागं शुभाला द्यायचा. लिही."

दादाने माझ्या हातातून पेन घेतले आणि स्वतः लिहिले. मी कोपऱ्यातला पाटा सहज उचलून पाहिला. एका हाताने हलेना. विमानात एका बॅगेला तेवीस किलोंचीच मुभा असते, हे मी काकूला सांगितले नाही.